आमच्या भाषेत विचारलेला प्रश्न

शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या लॅपटॉपवर अठरा मुलं उगवतात. सहावी ते आठवीची. कुणी चेन्नईचं, कुणी कुंभकोणमचं, कुणी तिरुचीचं. त्यांना मी कॉम्प्युटर शिकवते, छोटा धंदा कसा उभा करायचा ते शिकवते आणि महिन्याच्या खर्चाचा मेळ कसा घालायचा तेही. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर घरी बसून मी सगळ्यांना वैताग आणला होता, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी हे काम गळ्यात घातलं. वर्ग तमिळ आणि इंग्रजीत चालतो. मराठी आमच्या घरातली, साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात आलेल्या मराठी माणसांची. ती लिहायला मी शिकले पुण्याच्या शाखेत अकरा वर्षं काढली तेव्हा; त्याआधी आमच्या घरी देवनागरी कुणाला धड वाचता येत नव्हती.

मी बोलते फार आणि चिडते त्याहून जास्त. तिसऱ्या धड्यात मी पासवर्डवर पाऊण तास व्याख्यान झोडलं होतं. मित्राला सांगू नका, मामाला सांगू नका, कागदावर लिहून कपाटाला चिकटवू नका. एका पोराने जांभई दिली तर त्याला उभं करून तीच वाक्यं परत म्हणायला लावली. स्क्रीनवर उभं राहिलं की मुलाचं फक्त पोट दिसतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या अठरांत एक मुलगी आमची होती. आठवीतली, मराठा राजांच्या जुन्या राजवाड्याजवळच्या आमच्याच भागातली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. रांगत होती तेव्हापासून मी तिला ओळखते. वर्गात ती मला मिस म्हणायची, रस्त्यात भेटली की मावशी. घरात खाली रेंज येत नाही म्हणून ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून वर्ग करायची.

चैत्र लागला होता तेव्हाची गोष्ट. मी मुलांना एक मनाने रचलेलं कुटुंब दिलं होतं आणि त्याचं महिन्याचं अंदाजपत्रक शीटमध्ये भरायला सांगितलं होतं. वर उत्पन्न, खाली खर्च, शेवटी शिल्लक. शिल्लक शून्याखाली गेली की तो रकाना आपोआप लाल होईल, असं मी करून दिलं होतं. मुलांना ते फार आवडलं. मुद्दाम महागडे मोबाईल घेऊन कुटुंबाला लाल करण्याची चढाओढ लागली. त्या गोंधळात तिचा आवाज आला.

"मिस, एक डाउट." आणि मग एकदम आमच्या मराठीत, "मावशी, पगार येईना झाला आणि घरांत कोण्हांस माहीत नाही, तर तिथं काय लिहायचं? शून्य लिहिलें तर खालचं लाल होतें. लाल झालें तर सगळ्यांस दिसेल."

मी म्हटलं, "तुझ्या मनातलं कुटुंब ना ग?"

"अमचं," ती म्हणाली.

आणि एकदा सुरू झाली ती थांबली नाही. फेब्रुवारीत शाळेकडून गाण्याच्या स्पर्धेसाठी ती तिरुवैयारुला गेली होती. तिथे दुपारी कावेरीच्या पायऱ्यांवर तिचे अप्पा एकटे बसून डबा खाताना तिला दिसले. इस्त्रीचा शर्ट, पायाशी ऑफिसची बॅग. ओरत्तनाडुच्या रस्त्यावर एका खासगी कंपनीत ते नोकरीला होते, आणि ते तिरुवैयारुच्या अगदी उलट्या बाजूला. संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले, आज ऑफिसात फार काम होतं. दुसऱ्या दिवशी हिने शाळेतून ऑफिसला फोन लावला. पोंगलपासून, म्हणजे संक्रांतीपासून, ते इथे नाहीत, असं उत्तर मिळालं. "अम्मास माहीत नाही. अप्पास मी पाहिलें तेंही माहीत नाही. मावशी, तुमी कोण्हांस सांगू नक्का. अप्पास लाज वाटेल."

बाकीची सतरा मुलं मोबाईल विकत घेत होती. आम्ही दोघी त्यांच्यादेखत बोलत होतो आणि मला जराही भीती वाटली नाही. हे आमचं जुनं सुख आहे. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात आम्ही मनातलं खुशाल मोठ्याने बोलतो; आजूबाजूला कुणाला कळत नाही. मी तिला म्हटलं, "कोण्हांस सांगत नाही. तू आपली गोष्टीतल्या कुटुंबाचा पगार लिही." आणि मग, मलाच बरं वाटावं म्हणून, "अप्पा सांगतील ग आपणच," असंही म्हटलं.

संध्याकाळी वर्गाचं रेकॉर्डिंग मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दर शनिवारी टाकते; बहुतेक पालक ते उघडूनही बघत नाहीत. हाताला सवयच झाली होती.

सोमवारी दुपारी तिरुचीहून एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. मुलाचं नाव तमिळ, आडनावाच्या जागी तमिळ रिवाजाप्रमाणे बापाच्या नावाचं आद्याक्षर, तीसुद्धा माझ्याशी आजवर तमिळच बोललेली. फोन उचलला तर समोरून, "मावशी, तुमी अमचे, आं! मज माहीतच नव्हतें!" तिचं माहेर आमच्याच भागातलं निघालं. लग्न तमिळ घरात झालं, सासरी मराठीचा शब्द नाही. स्वतः कॉम्प्युटर शिकावं म्हणून ती मुलाची रेकॉर्डिंगं बघायची. त्यात अचानक आपली भाषा ऐकू आली. दोनदा ऐकली म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. मग आनंदाने आईला फोन केला, आणि ती मुलगी कुणाची ते आईने लगेच ओळखलं. "पाप तें लेकरूं," ती म्हणाली; आमच्यात पाप म्हणजे बिचारं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तेच मला सोसवेना. तिचा हेतू वाईट असता तर मी तिला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

फोन ठेवला आणि आधी रेकॉर्डिंग काढून टाकलं. काढून काय होणार होतं? तिची आई त्या मुलीच्या आईला रोज देवळात भेटते.

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. वाटेत वाक्य ठरवलं होतं: माझ्या हातून चूक झाली आहे. मुलीच्या आईने दार उघडलं, कॉफी दिली, मुलगी तुमच्या वर्गाचं किती कौतुक करते ते सांगितलं. ह्यांचा पगार वाढलाय, पुढच्या वर्षी तिला लॅपटॉपच घेऊ म्हणतात, असंही सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की अजून तिच्या कानावर काही आलेलं नाही. म्हणजे सांगायची हीच वेळ होती. मी कॉफी प्यायले, छान झालीय म्हटलं, आणि घरी आले. आयुष्यभर काउंटरच्या पलीकडच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणारी मी, त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. याची मला अजून लाज वाटते.

बुधवारी सकाळी नऊ वाजता तिचे अप्पा माझ्या दारात उभे. तोच इस्त्रीचा शर्ट. रात्री बायकोने विचारलं आणि आपण हो म्हटलं, असं ते म्हणाले. कुणाकडून कळलं तेही तिने सांगितलं होतं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"लेकरानं काय विचारलें तुम्हांस? अक्षरन् अक्षर सांगा."

मी सांगितलं. रकान्याचं, लालचं, पायऱ्यांचं. ते खाली बघत ऐकत होते. पायऱ्यांपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"ती स्पर्धा झाली कधी?"

मी महिना सांगितला.

"तवांपासून रोज ती माझ्या बॅगेंत छत्री घालते," ते म्हणाले. "ऑफिसांत छत्री कशास, म्हणून मी रागवायचों. काढून ठेवायचों. ती परत घालायची. एकदा मी ओरडलों तिजवर."

त्यांना रडू आवरेना. मी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही.

जाताना त्यांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. "मीच आपण होऊन सांगितलें, असं मी तिज म्हणणार. तिच्या बोलण्यांतून बाहेर पडलें, हें तिज कधीं कळूं नये. आयुष्यभर मनास लावून घेईल. तिच्या अम्मासही मी तसंच म्हणायला सांगितलें आहे. तुमी तिची माफी मागायला जाल, तर सगळं उघडं पडेल. मागू नक्का."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी लेकीला वाचवलं, ते योग्यच केलं. पण माझी चूक कबूल करायची वाट त्यांनी बंद केली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडं हायसंही वाटलं. ते हायसं वाटणं मला आता माझ्या चुकीपेक्षा जास्त खुपतं.

पुढच्या शनिवारी वर्ग संपला. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि एकेक चौकट विझत गेली. तिची राहिली. गच्चीवर वारा होता, केस तोंडावर येत होते, आणि मी तिला इतकं मोकळं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मावशी, अप्पानं घरीं आपणच सांगितलें. तुमी म्हणाला होतां तसंच. अम्मा रडली, पण आतां बरी आहे. अप्पा दुसरी नोकरी हुडकतात." मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमी कोण्हांस सांगितलें नाही. थँक्स, मावशी. आतां मज काहीं झालें तर मी तुम्हांसच सांगणार."

मी म्हटलं, "बरं."