शेवंताचा डबा

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सांगतात की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि शेवटाला येईपर्यंत तो बसलेला असतो. माझं तसं नाही. माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी लिहून राहिलोय... का, ते शेवटी कळेल.

मी शेख. नागभीडचा. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी टीबीच्या सरकारी कार्यक्रमात कंत्राटावर सुपरवायझर होतो. एक मोटारसायकल, एक रेक्झिनची बॅग आणि रजिस्टर, बस. सिंदेवाही आणि नागभीडच्या मधली गावं माझ्याकडे. कोणाच्या थुंकीत जंतू सापडले की त्याच्या घरी जायचं, पत्ता खरा आहे का पाहायचं, आणि त्याच गावातला एक भरवशाचा माणूस गोळ्या द्यायला नेमायचा. पेशंटनं आठवड्यातून तीनदा त्याच्याकडे यायचं आणि त्याच्यासमोर गोळ्या गिळायच्या. समोर म्हणजे समोर! पदराला बांधून घरी न्यायच्या नाहीत. प्रत्येक पेशंटच्या नावाचा गोळ्यांचा वेगळा डबा असे; डोस झाला की त्याचं रिकामं पान त्यातच परत टाकायचं, कार्डावर खूण करायची. मी महिन्यातून एकदा जाऊन पानं आणि खुणा जुळवायचो.

गावोगाव ऐकायला मिळायचं — करणी केली जी, बाहेरचं हाये जी. मी म्हणायचो, बाई, बाहेरचं काही नाही, जे आहे ते छातीत आहे, आणि ते सूक्ष्मदर्शकातून मी तुम्हाला दाखवतो. माझा स्वभावच तसा. ज्याची नोंद नाही ते माझ्यासाठी झालंच नाही. ऑफिसात यावरून माझी टिंगल व्हायची, व्हायची तर व्हायची.

गावाचं नाव लिहीत नाही. सिंदेवाही रोडवरच्या फाट्यापासून सात किलोमीटर आत. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीला लागून पहिलंच घर दौलतभाऊ शिंप्यांचं. ओसरीवर पायाची मशीन, समोर एक लाकडी बेंच, मागे फळी. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं कमी. त्या गावासाठी मी त्यांनाच नेमलं होतं, कारण ते दिवसभर एका जागी सापडायचे.

त्यांच्याकडे एकच पेशंट होती. शेवंता. वय सव्वीस-सत्तावीस, तीन वर्षांची मुलगी, घरात नवरा आणि सासू. तिचा मोठा भाऊ टीबीनंच गेला होता, गोळ्या अर्ध्यावर सोडून. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "मी त वाचन ना जी? पोरगी लहान हाये."

मी म्हटलं, "एकही डोस चुकवला नाही तर शंभर टक्के."

दौलतभाऊंनी तिला समोर बसवून समजावलं, "हे पाय शेवंता, एका टायमाले सात गोळ्या हायेत. खाल्ल्यावर लघवी लाल होईन. घाबरू नोको, ते औषधाचं हाये." आमच्या त्या गोळ्यांची ती खात्रीची खूण. गोळी पोटात गेली की नाही याचा संशय आला तर आम्हीही तेच विचारायचो. शेवंता लाजून हसली. भाऊंनी तिच्या डब्याला उरलेल्या चिटाच्या कापडाची खोळ शिवली होती, धूळ बसू नये म्हणून. असा डबा मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही.

सुरुवात डिसेंबरात झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्या दोन महिन्यांत चोवीस डोस. जानेवारीच्या पहिल्या भेटीत पाहिलं तर खोकला कमी, अंगावर थोडं मांस. मी खूश झालो.

आता आमच्याकडची गोष्ट माहीत असेलच. धान कापून झालं की गावात काम नसतं. संक्रांतीनंतर टोळ्याच्या टोळ्या आंध्रात मिरची तोडायला जातात, दोन-अडीच महिने. मी शेवंताला बजावलं होतं, यंदा जायचं नाही. ती हो म्हणाली होती.

फेब्रुवारीत एका सोमवारी मी गावात गेलो. पद्धतीप्रमाणे आधी पेशंटच्या घरी. अंगणात सासू मुलीला भात चारत होती.

"शेवंता कुठं आहे?"

"थे त गेली ना जी मिरचीले. संक्रांत झाली अन् दुसऱ्याच दिवशी जीप आली. दोघंबी गेले. पोरगी माह्यापाशी हाये."

म्हणजे तीन आठवडे झाले होते! माझं डोकं सणकलं. तिथून सरळ दौलतभाऊंकडे. कार्ड काढलं... सगळ्या खुणा भरलेल्या. डबा उघडला, पानं मोजली. तीन आठवड्यांची नऊ रिकामी पानं, नीट एकावर एक. भरलेली फक्त तीन उरली होती. बेंचावर बसून मोजत होतो तर मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. भाऊंनी तांब्या दिला.

"भाऊ, हे काय आहे?"

"शेवंताचे डोस."

"शेवंता आंध्रात आहे."

"माईत हाये ना. जीपमधी बसताना मीच पाह्यलं."

"मग या गोळ्या कोणी खाल्ल्या?"

"तिनंच. आज सकाळीबी येऊन गेली." त्यांनी बोट दाखवलं. बेंचाच्या कडेला स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला होता. "पहिल्या दिवशी मले वाटलं, परत आली असन. मंग समजलं का घरी आलीच नाई. येते, बसते, गोळ्या खाते, पाणी पेते, जाते. बोलत नाई. अंगाले मिरचीचा असा वास येते का मीबी शिंकतो."

"आणि तुम्ही गोळ्या दिल्या?"

दौलतभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता साहेब, गोळी मांगाले आलेल्या माणसाले म्या काय म्हणाव? तू इथी नाईस म्हणून देत नाई, असं म्हणू?"

हे वाचून तुम्हाला हसू येईल. मला संताप आला. त्याचं कारणही सांगतो. माझे अब्बा टेलर होते. सणाच्या तोंडावर हातानं काज-बटण करत ते गिऱ्हाइकाला किती सहज सांगायचे, "बस, शाम को आ जाना, रेडी है" — आणि कापड अजून कापलेलंही नसायचं! शिंप्याच्या घरात वाढलोय मी. शिंपी थाप मारताना मान वर करत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दौलतभाऊंनी मान वर केली होती, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्यानं पेशंट गेल्याचं लपवायला गोळ्या तलावात फेकल्या आणि आता अंगाशी आल्यावर मलाच भुताच्या गोष्टी सांगून राहिला.

मी लाल पेन काढला आणि त्या नऊ खुणांवर आडवी रेघ मारली. खाली सही केली. डबा उचलला.

"डबा राहू द्या साहेब," ते उठून उभे राहिले. "तीनच डोस हायेत. बुधवारी येईन ते. मी तिले काय सांगू?"

"सांगा, शेख साहेब घेऊन गेले."

त्यांनी डब्याची खोळ काढून ठेवून घेतली. मी गाडीला किक मारली.

पुढच्या सोमवारी दुपारी दौलतभाऊ सायकलनं आमच्या आरोग्य केंद्रावर आले. सात किलोमीटर आतून फाटा, आणि तिथून पुढे. घाम पुसत दारातच उभे राहिले.

"बुधवारी आली होती. बसून राह्यली. शुक्रवारी आली, बसून राह्यली. आज आली तं माह्याकडं पाह्यलंबी नाई. आता येनार नाई असं वाटते. साहेब, द्या ना डबा. मी हात जोडतो."

मी म्हटलं, "भाऊ, घरी जा. ऊन फार आहे." ते गेले. डबा माझ्या कपाटात होता, माझ्या पाठीमागे, दोन हातांवर.

मार्चच्या शेवटी एका सकाळी शेवंता केंद्रावर आली. टोळीची जीप तिला रस्त्यावरच सोडून पुढे गेली होती. डोक्यावर गाठोडं तसंच. गावात अजून गेलीच नव्हती, हे मी दोनदा विचारून घेतलं. खोकत होती, गालफडं बसली होती. मी आधी भरपूर बोलून घेतलं. का गेलीस, मी काय सांगितलं होतं, भावाचं विसरलीस का... तिनं सगळं मान खाली घालून ऐकलं.

मग म्हणाली, "साहेब, एक विचारू? रागावू नोका. म्या तं गोळ्या नेल्याच नव्हत्या. मंग लाल काऊन होत राह्यली?"

"काय लाल?"

तिनं आणखी मान खाली घातली. मला कळलं.

"एक दिवस लाल, एक दिवस पांढरी. मंग दोन दिवस खाडा, अन् पुन्हा लाल. संगच्या बाया म्हणत, इले मिरची बाधली. पण मले बरं वाटे. खोकला नव्हता, भूक लागे. मंग एक दिवस बंदच झाली."

मी रजिस्टर मिटलं. "कोणत्या दिवशी?"

"तारीख काय माईत जी. संक्रांतीच्या मांगून तीन-चार हप्ते झाले असन. बाजाराचा दिवस होता, बुधवार. सकाळी मिरचीच्या वाफ्यात बसली तं बसूनच राह्यली. कोनीतरी काही देईन असं वाटे. लय तहान लागली होती. मुकादम ओरडला तवा उठली. असं तीन डाव झालं. मंग नाई झालं. अन् मंग हा खोकला धरला."

थुंकी तपासली. जंतू होते.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. औषधात दोन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला आणि जंतू निघाले, तर पेशंट 'उपचार सोडलेला' ठरायचा. त्याला आठ महिन्यांचा दुसरा कोर्स, त्यात पहिले दोन महिने इंजेक्शनं. खंड त्याहून कमी असेल तर पहिलाच कोर्स पुढे चालवायचा विचार होई. माझी लाल रेघ धरली, म्हणजे संक्रांतीपासून मोजलं, तर दोन महिने उलटून गेले होते. दौलतभाऊंच्या खुणा धरल्या असत्या तर उलटले नव्हते.

डॉक्टरांनी कार्ड हातात घेऊन विचारलं, "शेख, गॅप किती?"

शेवंता बाहेरच्या बाकावर बसलेली मला खिडकीतून दिसत होती. तिचं सगळं बोलणं ऐकून दोन तासही झाले नव्हते. मी म्हटलं, "दोन महिन्यांच्या वर, सर."

दुसरं काय सांगणार होतो? पेशंट आंध्रात होती आणि इथं गोळ्या खात होती, असं?

नवीन डबा द्यायला दौलतभाऊंकडेच जावं लागलं, कारण शेवंता दुसऱ्या कोणाचं नावच घेईना. इंजेक्शन नर्सबाई द्यायच्या, गोळ्या भाऊ. फळीवरची जुन्या डब्याची जागा रिकामीच होती. त्यांनी खोळ काढली, नवीन डब्याला चढवली. जरा घट्ट झाली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटत होतं, त्यांनी बोलावं.

शेवंता बरी झाली. आठ महिने एकही डोस चुकवला नाही. मात्र इंजेक्शनं चालू असतानाच तिच्या कानात आवाज येऊ लागले, आणि कोणी दखल घेईपर्यंत ऐकू येणं बरंच कमी झालं. त्या औषधानं काहींना तसं होतं. पुस्तकात लिहिलेलं आहे.

इतक्या वर्षांत मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिलाय. उन्हात पाणी कमी प्यालं तर लघवी गडद होतेच. बाजाराचा दिवस योगायोग असेल. ठसका तर फेब्रुवारीत कोणाच्याही अंगणात लागेल, मिरच्या वाळत असतात. दौलतभाऊंनी दयेपोटी खोटं सांगितलं असेल — ते वारले, आता विचारता येत नाही. एकेक गोष्ट वेगळी घेतली की उत्तर मिळतं. सगळ्या एकत्र घेतल्या की मिळत नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा.

पण मी विश्वास ठेवत नाही, ते काही माझी बुद्धी मोठी म्हणून नाही, हे आता कबूल करतो. विश्वास ठेवला तर तिचे ते तीन डोस माझ्या कपाटात होते, आणि ती तीन दिवस बेंचावर बसून माझी वाट पाहून गेली, असं होतं. ते मला झेपत नाही.

मागच्या वर्षी नागभीडच्या बाजारात ती दिसली. तब्येत छान, सोबत मुलगी, कॉलेजात जाणारी. मला पाहून लांबूनच हाक मारली, "शेख साहेब! बरे हा ना जी?" माणसं वळून पाहू लागली, इतक्या मोठ्यानं. मुलगी भाजी घ्यायला पुढे गेली. मी जवळ गेलो आणि इतक्या वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हणालो — शेवंता, माझं चुकलं. डबा मी न्यायला नको होता.

तिनं कानामागे हात धरला. "काय म्हन्ता? मोठ्यानं बोला ना साहेब, आयकू येत नाई."

भोवती बाजार भरलेला होता. मी मोठ्यानं विचारलं, "पोरगी कितवीत आहे?"