चार किटल्या

आमच्या लग्नात चार किटल्या आल्या. तीन इस्त्र्या आल्या, आणि उशांचे अभ्रे तर इतके, की ते वापरात आणायला एखादी धर्मशाळा काढावी लागली असती. लोकांच्या लग्नात असं होतं, मला ठाऊक आहे. कुणी कुणाला न विचारता आणतं. आमचं तसं नव्हतं. आम्ही हे सगळं मागितलं होतं. कागदावर, आकडे घालून, खाली दोघांच्या सह्या करून.

हसू नका. म्हणजे हसा, पण समोर एक बाई लाजून पदराची टोकं पिळते आहे, एवढं ध्यानात ठेवून हसा.

साठ सालच्या पुढचे ते दिवस. मी मिरजेहून गेलेली नर्स, कुवेतमध्ये अहमदीला, तेल कंपनीच्या दवाखान्यात. आमचे हे त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. लग्न ठरलं, पण दोघांना एकदम रजा मिळेना. तेव्हा लग्न तिथंच करायचं ठरलं. वकिलातीत सह्या करायच्या आणि वर एक जेवण घालायचं. ना त्यांच्याकडचं कुणी येणार, ना माझ्याकडचं.

स्टोअरच्या साहेबाची बायको भारी हौशी. ती यांना म्हणाली, "आमच्याकडे नवरानवरी मिळून यादी करतात. घराला काय काय हवं ते लिहितात. ज्याला जे द्यायचं असेल ते तो यादीतून खोडतो, म्हणजे नको ती वस्तू पदरात पडत नाही."

मला ऐकूनच कसंतरी झालं. आमच्या घरी आहेर घेतानासुद्धा "अहो, कशाला" म्हणायचं, पाकीट मागं सारायचं, पुन्हा "कशाला" म्हणायचं आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता घ्यायचं. मागून घ्यायचं? यादी करून? पण यांचा चेहरा उजळला होता. कागद भरणं हा या माणसाचा प्राण.

शुक्रवारी आम्ही फिंतासच्या समुद्रावर गेलो. सोबत चाची. दापोलीकडच्या खेड्यातली ही चाची. चाचांचं फहाहीलच्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं. माझी आई जवळ नाही म्हणून तिनं ते काम न विचारता स्वतःकडे घेतलं होतं. चाची बरोबर असली तरच आमची मेट्रन मला यांच्याबरोबर जाऊ द्यायची. आम्ही मोकळं बोलावं म्हणून चाची आमच्याकडे पाठ करून स्टोव्हवर पापलेट तळत बसली. कान मात्र आमच्याकडेच होते.

यांनी खिशातून स्टोअरचं मागणीचं पॅड काढलं. मध्ये कार्बन घातला. समुद्रावर, प्रेमात पडलेल्या माणसानं, कार्बन!

"पहिली वस्तू?"

"किटली," मी म्हणाले. "शिट्टी वाजते ती."

यांनी लिहिलं, किटली, शिट्टीची, चार.

"चार? अहो, माणसं दोन आपण."

"तुला स्टोअरचं कळत नाही. एक हवी असली की चार मागायच्या. वरचा साहेब निम्म्या कापतो. त्याच्या वरचा त्यातली एक कापतो. आपण एकच मागितली तर नुसतं झाकण येईल."

"इथं कापणार कोण?"

"साहेबीण कापेल की! तिला काय कळत नाही?"

मान न वळवता चाची म्हणाली, "काय गो, संसार करताव का पलटन आनताव?"

"चाची, हे फक्त कागदावर," हे म्हणाले.

"मंग कागदावरच चाय पी."

मी खूप हसले. आणि खरं सांगू, मग मला गंमतच वाटायला लागली. इस्त्रीला यांनी दोनचा आकडा घातला, तर "तीन करा" असं मीच म्हणाले. अभ्र्यांचा आकडा सगळा माझा. आयुष्यात पहिल्यांदा मी "कशाला" न म्हणता काही मागत होते, आणि तेही कापलं जाणारच या भरवशावर. खाली दोघांनी झोकात सह्या केल्या.

साहेबिणीनं यादी वाचली. तिच्या भुवया वर गेल्या आणि शिष्टाचारानं पुन्हा खाली आल्या. हिंदुस्थानी घरात माणसं फार असतात, असं तिनं ऐकलं असावं. एक अक्षर न कापता तिनं यादी टाइप करवली. एक प्रत क्लबात लागली, एक आमच्या दवाखान्यात, आणि एक चाचांच्या दुकानात, कारण आपली सगळी माणसं तिथंच जमत.

"अजून कापणी व्हायची असेल," हे म्हणत राहिले. मग सामान यायला लागलं.

एक किटली साहेबिणीची. एक यांच्या हेडक्लार्कची. एक चाचीची. "तुजा सायब कापील म्हनं," ती म्हणाली, "मी कशाला कापू?" आणि चौथी चाचीच्या गावच्या तीन पोरांनी मिळून आणलेली. तिघंही कंपनीत ड्रायव्हर, एका खोलीत राहायचे. जेवणाच्या दिवशी माझ्या हातात पुडकं देऊन, वर न बघता निघून गेले.

आता मला धडकी भरली. आमची माहेर-सासरची माणसं समुद्रापलीकडे. इथं आजारी पडलो तर धावून येणारी होती ती हीच. यांच्यात एकदा हावरट म्हणून नाव पडलं, की त्या वाळवंटात आम्हाला दुसरं दार नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, प्रत्येकाला वाटलं पाहिजे की त्याचीच किटली आमच्या घरात नांदते आहे.

मग आमच्या दोन खोल्यांत नाटक कंपनी सुरू झाली. दार वाजलं की हे खिडकीतून बघून ओरडायचे, "हेडक्लार्क!" की मी पलंगाखाली. आधीची किटली आत, त्यांची बाहेर. एकदा साहेबीण दारात आणि स्टोव्हवर चाचीची किटली शिट्टी मारते आहे. मी ती तशीच उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवली. कपाट बराच वेळ शिट्टी मारत होतं. साहेबीण फार सभ्य बाई. तिनं काही विचारलं नाही.

ती तीन पोरं मात्र लाजरी, कधी आलीच नाहीत. म्हणून त्यांची किटली पुडक्यातून बाहेर पडलीच नाही.

एका शुक्रवारी चाचा, चाची आणि हेडक्लार्क एकाच वेळी चहाला टपकले. मी पातेल्यात चहा टाकून वेळ मारून नेली. तेवढ्यात बाहेर आभाळ पिवळं झालं आणि वाळूचं वादळ उठलं. दार धडधडलं. तीच तीन पोरं! रस्ता दिसेना म्हणून ट्रक सोडून आत आली होती. खिडक्यांतून वाळू झरायला लागली.

"फडकी दे गो, फटी बुजवूया," म्हणत चाची आतल्या खोलीत शिरली आणि मी पोचायच्या आत तिनं पलंगाखालची चादर ओढली.

चादरीबरोबर किटल्या आल्या. गडगडत, थेट बाहेरच्या खोलीपर्यंत. मागोमाग एक इस्त्री आणि एक पुडकं.

हेडक्लार्कनी चष्मा सारखा केला. "स्टोअरची नवी शाखा वाटतं?"

हे पांढरेफटक पडले होते. "सर, मला वाटलं... कापतील."

क्षणभर हेडक्लार्कना कळेना. मग कळलं, आणि ते जे हसत सुटले ते खुर्चीला धरून. चाचा हसले. चाची तर किटली मांडीवर घेऊन हसत होती, "शिकलेली मानसं गो, शिकलेली मानसं!" वाटलं, सुटलो. मीही हसायला लागले.

तेवढ्यात त्या तिघांतल्या धाकट्यानं ते पुडकं उचललं. "भाभी, ही आमची. सुतळी मीच बांधलेली."

गाठ तशीच होती.

तो मुळीच रागावला नव्हता. उलट ओशाळला होता. "लागत नाय ते म्हायत असतं तर दुसरं कायतरी आनलं असतं."

मी पुडकं पुढ्यात ओढलं. सुतळी सोडायला गेले तर गाठ सुटेना. शेवटी त्यानंच ती सोडली. त्या दिवशीचा दुसरा चहा त्या किटलीत झाला. दाताखाली वाळू कचकचत होती आणि मी मान वर करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तीच किटली चहानं भरून मी त्यांच्या खोलीवर गेले. कोपऱ्यात स्टोव्हवर, पावडरच्या दुधाच्या रिकाम्या डब्यात त्यांचं पाणी उकळत होतं. घरात किटली नव्हती. मी चहा ओतला, इकडचं तिकडचं बोलले आणि किटली तिथंच "विसरून" आले. दिलेला आहेर परत करता येत नाही, पण विसरता तर येतो ना?

संध्याकाळी धाकटा दारात हजर. "भाभी, किटली विसरलात." घासून लख्ख केलेली. आणि रिकामं भांडं परत करू नये, म्हणून आत खजूर.

मी पुन्हा विसरले. ती पुन्हा आली, आत साखर. मग हे विसरून आले. तेव्हा तिच्यात गावाहून आलेले कोळंबीचे सोडे होते, तोंडापर्यंत ठासून.

आम्ही तो उद्योग बंद केला. दर वेळी त्यांचंच काहीतरी आमच्या घरात येत होतं, आणि आता तर आम्ही मागितलंही नव्हतं. त्या किटलीचा सोड्यांचा वास काही केल्या गेला नाही. पाहुण्यांना तिच्यातला चहा देता येईना. तेव्हा ती आमच्या दोघांची झाली. रोज सकाळी वाळलेल्या कोळंबीच्या वासाचा चहा आम्ही दोघंही पितो. अजूनही.