मुरवलेली वाफ

माझ्या नवऱ्याने सिगरेट सोडली ती खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. आम्ही तेव्हा नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला फ्लॅटमध्ये राहत होतो आणि तो बाल्कनीत उभा राहून ओढायचा. राख बाईंच्या कुंड्यांत पडायची. एकदा त्या वर आल्या, सभ्यपणे हात मिळवला, आपल्या जिरेनियमला धुराची सवय नाही असं सांगितलं आणि खाली गेल्या. लग्न झाल्यापासून मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात केलं. त्याच आठवड्यात तो व्हेप घेऊन आला.

व्हेप म्हणजे पेनापेक्षा जाड आणि टॉर्चपेक्षा बारीक अशी नळी. आत बॅटरी, वर काचेची छोटी टाकी. टाकीत द्रव भरायचा, बटण दाबायचं, द्रव तापून त्याची वाफ होते, ती ओढायची. राख नाही. वास मात्र असतो. त्याने पहिल्यांदा आणला तो ॲपल पायचा होता. आमच्या हॉलमध्ये दिवसभर बेकरीसारखा वास यायचा आणि खायला काही नसायचं.

पुढे नियम आला की निकोटिनचा द्रव फक्त अगदी लहान बाटल्यांतच विकायचा. नवऱ्याला सतत बाटल्या आणाव्या लागायला लागल्या. ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने त्याला सांगितलं की हे सगळं घरी करता येतं, तो स्वतः करतो. नवरा आयटीतला. घरी करता येतं म्हटल्यावर त्याने ऑनलाइन सगळी सामग्री मागवली. ती आली तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून पार्सल समोरच्या आजोबांनी घेतलं. खोक्याचा कोपरा फाटला होता आणि त्यातून द्रव मोजायच्या, इंजेक्शनसारख्या सिरिंजा दिसत होत्या. आजोबांनी खोकं माझ्या हातात दिलं आणि घरात सगळे बरे आहेत ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पुण्यात फार्मसी कॉलेजात शिकवत होते. नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसावर त्याची अवलंबित म्हणून आले. आल्यावर थोडंफार डच शिकले, मुलीला सायकलवरून शाळेत सोडू लागले, औषध कंपन्यांत अर्ज करू लागले. उत्तरं यायची ती इतकी नम्र असायची की शेवटपर्यंत वाचल्यावर कळायचं, हा नकार आहे.

तर शनिवारी सकाळी नवरा ओट्याशी उभा राहिला. समोर ग्लिसरीन, म्हणजे आपण थंडीत ओठांना लावतो तेच. त्याने वाफ दाट होते. शेजारी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते पातळ असतं आणि स्वाद वाहून नेतं. एका बाटलीत निकोटिन, आणि बाकी स्वादांच्या बाटल्या. तो आमटीत चिंचेचा कोळ घालावा तसा मेंथॉल घालत होता. मी चहा पीत होते. मग त्याने उघड्या हाताने निकोटिनची बाटली उचलली.

"हातमोजे घाल," मी म्हटलं.

"थेंबभर तर आहे."

"थेंबभरच पुरतो, कातडीतून आत जातं ते. बाजूला हो."

तो बाजूला झाला, आणि नंतर बरेच महिने ओट्याशी परत आला नाही. मी मोजे घातले, वजनकाटा शून्यावर आणला आणि एकेक गोष्ट तोलून घातली. निकोटिनला कुलूप लागणारं वरचं कपाट दिलं, कारण घरात लहान मुलगी होती. त्याने स्वतः केलेली मेंथॉलची बाटली त्याने ओढून पाहिली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तो म्हणाला की चांगली झालीय. ती आम्ही फेकून दिली.

हा द्रव लगेच वापरायचा नसतो. तो मुरू द्यावा लागतो. अंधारात ठेवायचा, अधूनमधून हलवायचा, आणि वाट पाहायची. ताजा असताना नुसता अत्तरासारखा लागतो, मुरला की एकजीव होतो. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझं पहिलं जमलेलं मिश्रण वेलची आणि व्हॅनिलाचं होतं. नवऱ्याने ते ओढून खीर ओढल्यासारखं वाटतं असं सांगितलं. तक्रार होती की कौतुक ते कळलं नाही, पण बाटली लवकर संपली. मी स्वतः ओढत नव्हते. मी कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन वास घ्यायचे, आणि तेवढ्यावरून काय कमी आहे ते मला समजायचं.

त्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून आले. ते कॉलेजपासून सिगरेट ओढत होते आणि डॉक्टरांनी सोडायला सांगितल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलाने त्यांच्या हातात व्हेप दिला. त्यांनी ओढला, थोडा विचार केला.

"ही वाफ आहे," ते म्हणाले.

"हो बाबा, वाफच आहे," मी म्हटलं.

"मग चहाच्या कपावर तोंड धरलं तरी चालेल."

पण जेवणानंतर त्यांना पानाची आठवण यायची आणि हूफडॉर्पला विडा मिळत नव्हता. मी म्हटलं, पानाचा स्वाद करून बघू का? ते म्हणाले, कर. आमच्या दोघांत तोवर जेवणाखेरीज फारसं बोलणं होत नसे. जेवणाबद्दलही ते मीठ ठीक आहे एवढंच म्हणत.

विकत मिळणारा पानाचा स्वाद साबणासारखा निघाला, म्हणून मी सुट्या स्वादांपासून सुरुवात केली. गुलाब, बडीशेप, लवंग, किंचित खोबरं. निकोटिन अगदी नावापुरतं. दुपारी जेवण झालं की ते खुर्ची ओढून खिडकीशी बसत आणि मी बाटली देत असे.

"हे लग्नातलं पान आहे," पहिल्याबद्दल ते म्हणाले. "गुलाब फार."

पुढच्याला म्हणाले, बडीशेप छान आहे, पण पान कुठे आहे? त्यांचं बरोबर होतं. पानाचा हिरवा तिखटपणा नव्हता. तो कशाने आणायचा हे मला सुचेना. मग सुपरमार्केटमध्ये बेसिलची, म्हणजे इथल्या तुळशीची, कुंडी नाकाशी आली, तोच हिरवा तिखटपणा, आणि मला तिथेच उभं राहावंसं वाटलं. मागच्या बाईंनी दोनदा सॉरी म्हटलं तेव्हा मी हलले. बेसिलचा स्वाद मागवला, लवंग थोडी वाढवली, गुलाब जवळजवळ काढला आणि बाटली मुरायला ठेवली.

बाटली मुरल्यावर सासऱ्यांनी ओढून पाहिलं. मग पुन्हा एकदा ओढलं.

"चुना जरा जास्त झालाय," शेवटी म्हणाले.

त्यात चुना नव्हता. चुना घालताही येत नाही. मला इतका आनंद झाला की मी ओट्याशी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ते मागून आले. त्यांनी विचारलं, कसल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतेस? मी सांगितलं, औषध कंपन्या.

"औषधाचा नाद सोड," ते म्हणाले. "वासाचं काम बघ. तुझं नाक चांगलं आहे."

त्यांनी सिगरेट सोडली नाही. कमी केली असं ते सांगत, आणि सायकल-स्टँडच्या मागे फिरायला जात. परत गेले तेव्हा पानाची बाटली इथेच राहिली. पुढे भारतात या सगळ्यावर बंदीच आली.

मी मात्र त्यांचं ऐकलं. झूटरमेर गावाच्या बाजूला खाण्याच्या पदार्थांचे स्वाद बनवणारी एक लहान कंपनी होती, तिथे मुलाखतीला बोलावणं आलं. समोर एक बाई आणि एक गृहस्थ. त्यांनी कागदाच्या पट्ट्या हातात दिल्या आणि ओळखायला सांगितलं. मी ओळखत गेले. शेवटची रासबेरी होती, पण मी म्हटलं की बाटली जुनी झालीय. बाईंनी विचारलं, हा सराव कुठे केला? मी सांगितलं, स्वयंपाकघरात, सासऱ्यांवर. त्यावर ते दोघं भराभर डचमध्ये काहीतरी बोलले. मला त्यातला फक्त 'सासरे' हा शब्द कळला. नोकरी मिळाली.

कामासाठी नाक स्वच्छ ठेवावं लागतं. मी परफ्यूम बंद केलं आणि घरात व्हेपही बंद केला. मिश्रण करणंही थांबवलं. नवऱ्याने काही दिवस स्वतः करून पाहिलं, तोलून, मोजे घालून, पण त्याला ती चव येईना. विकतचं आणलं, तेही आवडेना. मग हळूहळू त्याने ओढणंच सोडलं. लोक त्याला विचारतात की हा निश्चय कसा केलास, आणि तो गंभीरपणे उत्तर देतो.

नोकरी लागल्यावर सासऱ्यांचा फोन आला. काय बनवतेस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सध्या दह्यासाठी स्ट्रॉबेरीचा स्वाद.

"त्या दह्यात स्ट्रॉबेरी असते का?"

"थोडी असते, बाबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि फोन सासूबाईंकडे दिला.