आंबटबाईची खिडकी

फ्रॉस्टप्रूफ गावच्या रस कारखान्यावर ओपल टिलिसला सगळे ट्रकवाले आंबटबाई म्हणायचे. तोंडावर सहसा नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. फाटकाजवळच्या खोलीत ती बसायची. बागेतून आलेल्या प्रत्येक ट्रकमधली थोडी संत्री तिच्यापुढे यायची. त्यांचा रस काढून ती साखर आणि आंबटपणा मोजायची आणि खिडकीतून 'हो' किंवा 'नाही' सांगायची. नोकरी सरकारची, त्यामुळे कारखान्याच्या मालकाचंही तिच्यापुढे चालत नसे. ती 'नाही' म्हणाली की ट्रक आल्या वाटेनं परत.

एके काळी ट्रकांची रांग हायवेपर्यंत जायची. खोलीत बायकाच बायका होत्या, हात चिकट आणि तोंडं चालू. एकीचं बाळंतपण, दुसरीचा घटस्फोट, तिसरीची सासू, सगळं त्या रसाच्या वासात चघळलं जायचं. ओपलचा नवरा ड्वेन तर म्हणायचा, "तू जवळ आलीस ना, की मला न्याहारी झाल्यासारखं वाटतं."

मग बागांना रोग लागला. तिळाएवढा किडा तो, पण झाडाचं रक्तच नासवायचा. झाड लगेच मरत नाही, कुढत राहतं. पानं पिवळी पडतात, फळं बारकी राहतात, एका अंगानं हिरवी, आणि पिकायच्या आधीच टपाटपा गळतात. त्यात भर म्हणून वादळं आली. जे झाडावर उरलं ते जमिनीवर आलं.

लोकांनीही रस प्यायचं सोडलं. ओपल लहान असताना कुणी शिंकलं तरी आई पेला भरून पुढे करायची, "पी, क जीवनसत्त्व असतं त्यात." आता डॉक्टरीणबाईंनी ओपललाच बजावलं होतं, "तुमची साखर वाढलीय. संत्रं खायचं तर सोलून खा. रस बंद."

"अहो, रसावरच माझं घर चाललंय!" ओपल म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. ओपलला काही हसू आलं नाही.

खोलीतल्या बायका एकेक करून गेल्या. कुणी निवृत्त झाली, कुणाला काढलं. ड्वेन हृदयविकारानं गेला. मुलगा रॉनी डेन्व्हरला, नाताळात फोन करणारा. ओपल एकटीच खिडकीत बसून राहिली. सकाळी एखादा ट्रक यायचा, मग दुपारपर्यंत फाटकाकडे बघत बसायचं. परदेशातून आलेल्या रसाचे टँकर मात्र मागच्या फाटकानं आत जायचे. त्यांना ओपलच्या खिडकीशी काही देणंघेणं नव्हतं.

नेमानं येणारा एकच माणूस उरला होता, लुथर विडन. म्हातारा, विधुर, ट्रक स्वतः चालवणारा. माल देऊन झाला तरी तो खिडकीला कोपर टेकून उभा राहायचा.

"काय आंबटबाई, आज तरी हसणार का?"

"माल गोड निघाला तर हसेन."

"माझा माल गोडच असतो. तुझी जीभच कडू."

"मी चाखत नाही, लुथर. मोजते."

"तेच म्हणतो मी. कधी चाखून बघ!"

एवढंच बोलणं. पण त्या दिवशी ओपल घरी गेली की तिला सोबतीला रेडिओ लावावासा वाटत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी लुथर आला आणि कोपर न टेकता नुसता उभा राहिला. फळं बारकी होती, एका अंगानं हिरवी. तिनं रस काढला, मोजला. साखर कमी. दुसऱ्यांदा नमुना घ्यायची मुभा होती. तो घ्यायला ती स्वतः ट्रकवर चढली, गुडघे कुरकुरत असताना. त्यातल्या त्यात पिकलेली दिसणारी फळं हाताशी होती. हात तिकडे गेलाही. मग तिनं डोळे मिटले आणि सापडतील ती उचलली.

साखर आणखी खाली उतरली.

"लुथर," ती खिडकीतून म्हणाली, "नाही जमत."

"थोडंसंच कमी असेल."

"थोडंसंच आहे. पण कमी आहे."

"मी काय झाडाच्या मुळाशी साखर ओतू? इथं तू आणि मी सोडून आहे कोण? कुणाला कळणार आहे?"

ओपलनं आकडा पुन्हा एकदा पाहिला. हो म्हणणं किती सोपं होतं हे तिला कळत होतं, आणि आपल्याला ते किती हवंय हेही.

"ठीक आहे," लुथर म्हणाला. "बस मग आपल्या खिडकीत."

ट्रक वळवताना त्यानं मागे पाहिलं नाही.

पुढे तो आलाच नाही. रविवारी चर्चमधून निघाल्यावर ओपलनं गाडी त्याच्या बागेकडे घातली. कुंपणाशी परत पाठवलेला माल ओतलेला होता आणि शेजारच्या गायी संत्री खात होत्या. तोंडातून रस गाळत, अगदी निवांत. लुथर फळकुटावर बसून त्यांच्याकडे बघत होता.

"या बायांनी काही मोजलं नाही," तो म्हणाला.

"रागावलास?"

"हो."

ती शेजारी बसली. त्यानं थोडं सरकून जागा दिली, तेवढंच.

"बाग विकली," गायींकडे बघतच तो म्हणाला. "तुझ्यामुळे नाही गं. आधीच ठरलं होतं. शेवटचा माल तेवढा रसाला जावा असं वाटत होतं. सौरऊर्जेवाल्यांनी घेतली, काचा लावणार म्हणे. ऊन तेवढं धड राहिलंय इथं. मी मुलीकडे टेनेसीला चाललो."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय? हो म्हणाली असतीस?"

ओपलनं विचार केला. "नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. लुथरनं रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून बाही पुढे केली.

पुढच्या हंगामाआधीच तिची खोली बंद झाली. निरोपाला केक होता, खायला माणसं कमी पडली.

ओपल आता घरीच असते. कधी दुकानात रसाच्या कपाटासमोर उभी राहते. एकदा एका तरुण आईनं डबा उचलला, मागचा साखरेचा आकडा वाचला आणि परत ठेवला. ओपलला काहीतरी म्हणायचं होतं. पण ती आई बरोबरच होती, आणि ओपलची आईही चूक नव्हती. ती दूध घेऊन निघाली.

दर रविवारी ती लुथरला फोन करते.

"थंडी आहे का?"

"हाडं वाजतात."

"जेवलास?"

"मुलीनं सूप केलंय. मीठ घालत नाही ती. तू?"

"खाईन काहीतरी."

मग बोलायला काही उरत नाही. फोन मात्र दोघांपैकी कुणी ठेवत नाही. पलीकडे नातवंडांचा टीव्ही चालू असतो, कुणीतरी कपाट उघडतं, लुथर खोकतो. ओपल खुर्ची ओढून घेते आणि त्या परक्या घरातले आवाज ऐकत बसते.