मैदानावरचं एक मिनिट

भाचीचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेले होते. एकच मिनिट उरलं होतं आणि आमच्या मुली एका गुणाने मागे होत्या. आता काय होणार, म्हणत मी पर्स उचलून उठले, तसे शेजारचे आजोबा हसले.

"बसा हो ताई. इथलं मिनिट बराच वेळ पुरतं."

खरंच पुरलं. चेंडू बाहेर गेला की शिट्टी वाजायची आणि फलकावरचं घड्याळ जागीच थांबायचं. चेंडू पुन्हा खेळात आला, की मगच ते पुढे सरकायचं. मला हेवाच वाटला. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ कधी कुणासाठी थांबलंय? तुम्ही किल्ल्या शोधत बसा, ते आपलं चालूच.

बाहेर जाणारा चेंडू अडवताना भाची धपकन पडली. शिट्टी झाली, घड्याळ थांबलं. समोरच्या संघातल्या उंच मुलीने तिला हात देऊन उठवलं, तिचे सुटलेले केस पाहिले आणि स्वतःच्या मनगटावरचा रबर काढून दिला. दोघी खुदकन हसल्या. खेळ सुरू होताच पुन्हा एकमेकींची वाट अडवून उभ्या!

आम्ही त्याच एका गुणाने हरलो. पण मला आठवतंय ते सगळं घड्याळ थांबलेलं असतानाचं.

सामन्यानंतर घरून फोन आला, "निघालात का?" समोर पायरीवर त्या दोघी एकाच डब्यातला चिवडा खात बसल्या होत्या.

"एक मिनिट," मी म्हटलं आणि पर्स पुन्हा खाली ठेवली.