तणसाचा नवरदेव

धान कापून झालेल्या बांध्यांतून उन्हे कलताना जो ओलसर, गोडूस वास उठतो तो नाकाशी आला की मला सुदाम आठवतो, आणि स्वतःचीच किळस येते.

कामठ्याला दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे रात्री नाटक असणारी गावजत्रा, भरायची होती. आम्ही कॉलेजातली चार टाळकी, लग्नाच्या शूटिंगवाल्याचा उसना कॅमेरा, त्याचाही माइक बिघडलेला. म्हणून मूकपट काढायचे ठरले. प्रेतांचे तुकडे जोडून माणूस घडवणाऱ्या शास्त्रज्ञाची ती जगजाहीर भयकथा आम्ही थट्टेवारी नेली. आमचा डॉक्टर धानाच्या तणसातून, म्हणजे वाळल्या पेंढ्यातून, माणूस घडवतो, तो नवरी शोधत हिंडतो, आणि त्याला पाहून एकेक पोरगी चिखलात कोसळते. नवऱ्या आम्हीच, साड्या नेसून. तणसाचा माणूस म्हणून गावातल्याच सुदामला घेतले, कारण लहानपणी उकळत्या पेजेने त्याचा अर्धा चेहरा भाजला होता.

"मले मेकअप नाही कराचा का?" त्याने विचारले.

"तुले कायले पायजे बे?" मी म्हणालो. सगळे खो-खो हसले, तोही हसला. आजवर कुणी त्याला कशातच घेतले नव्हते.

मंडईला गावोगावचे पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, ही आमच्याकडची रीतच. सुदामलाही त्याच दिवशी मुलीकडचे, मुलीला घेऊन, पाहायला येणार होते. भाजल्याचे त्यांना सांगितले होते. मुलीची हरकत नव्हती. हे सगळे मला ठाऊक होते. खेळ दुसऱ्या दिवशी ठेवता आला असता, पण गर्दी त्याच दिवशी होती आणि मला टाळ्या हव्या होत्या. मेली ती हौस!

दिवेलागणीला, नाटकाआधी, मांडवातल्या पांढऱ्या पडद्यावर सुदामचा चेहरा पडदाभर झाला, मी साडीत हातपाय झाडत चिखलात पालथा पडलो, आणि अख्खी मंडई हसून लोळली. ती मुलगीही ओढणी तोंडाशी धरून हसली. सुदामची आई तेवढी खाली मान घालून बसली होती.

"हासून राहिली ना ते!" तिच्याकडे पाहत, माझा हात घट्ट दाबत सुदाम हरखून म्हणाला.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. सकाळी निरोप आला: रोज त्याचे तोंड पाहून पोरीला तेच आठवेल, सोयरीक नको.

मी माफी मागायला गेलो तेव्हा तो खळ्यावर तणसाचा ढीग रचत होता. रात्रभर जुळवलेले शब्द ओठांवर होते. त्याने वळून विचारले, "पण काम तं बरा केलो ना मी?"

"एक नंबर," मी म्हणालो.

तो लाजून हसला आणि पुन्हा ढिगाकडे वळला. मीही दोन पेंढ्या उचलून त्याच्या हातात दिल्या.