दोन किल्ले आणि सुध्याचा फॉर्म

ब्याऐंशी साली सहार विमानतळावर आई रडत होती आणि बाबा सूचना देत होते. "पोहोचलीस की तिथले नियम विचारून घे." मला वाटलं, थंडीचे, रस्ता ओलांडायचे असतील. कसलं काय! त्यांना हवे होते भावाला स्पॉन्सर करायचे नियम. सुध्या, तू तेव्हा कॉलेजात होतास आणि माझी बॅग उचलतानाही तुझं सगळं लक्ष विमानांकडे होतं.

शिकागोत दर पंधरवड्याला बाबांचं पत्र यायचं. "जावईबापूंना नमस्कार. सुधीरच्या फॉर्मचं काय झालं?" इथे मी दोन स्वेटरांवर कोट चढवून बसची वाट बघतेय, दिवसभर मराठीत बोलायला माणूस नाही, त्याची चौकशी नाही. तुला करमतं का, एवढं लिहायला पत्रात जागा उरत नसावी!

मग वेळ जावा म्हणून कम्युनिटी कॉलेजात इतिहासाचा क्लास लावला. प्रोफेसरबाईंनी मध्ययुगातल्या एका फ्रेंच सरदाराच्या मुलीची गोष्ट सांगितली. तेरा वर्षांची पोर, दोन किल्ल्यांच्या तहापायी परक्या राजाला दिली. सरहद्दीवर तिचे माहेरचे कपडे उतरवले, दासी परत पाठवल्या. ती बापाला रडून पत्रं लिहायची आणि बाप विचारायचा, जावई सैन्य कधी पाठवतोय? सगळा वर्ग हळहळला. शेजारची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "वॉज युवर्स अरेंज्ड टू?" असा संताप आला! म्हटलं, बाई गं, मी एम.एस्सी. झालेली, मुलगा बघून स्वतः हो म्हटलंय, कुणी किल्ले घेऊन दिलेली नाही मला. तणतणत घरी आले तर दारात पत्र. सुधीरच्या फॉर्मचं काय झालं?

भावाला आणायचं तर आधी सिटिझन व्हायला हवं. म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा. "अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे, टेन्शन काय घेतेस?" इति नवरा. त्याला काय जातंय बोलायला! चार वर्षांनी परत जायचं, हे मी मनात धरून होते. शपथ घेतली आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून हमसून रडले.

फॉर्म भरला. नंबर लागायला दहा वर्षं गेली. मागच्या वर्षी तू आलास, यंदा आईबाबा आले, साताऱ्याचं घर विकलं. माझं माहेर आता डेव्हन ॲव्हेन्यूवर, बसने दोन स्टॉप.

परवा गेले तर मे महिन्यात बाबा स्वेटर घालून खिडकीशी बसलेले. म्हणाले, "करमत नाही गं इथे. तुला कसं करमलं?"

"सतरा वर्षांनी विचारताय?" मी ओरडलेच. आई पोळी तव्यावर टाकून धावत आली.

बाबा खाली बघून म्हणाले, "तेव्हा विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस. मग तुला परत आणावं लागलं असतं."

म्हणजे माहीत होतं! इतका राग आला की चप्पल घालून निघाले. दारापर्यंत गेले, परत फिरले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, आता ऐका. विमानतळापासून सुरुवात केली. सुध्या, तू कामावरून आलास तेव्हा मी पहिल्या हिवाळ्यापर्यंतच पोहोचले होते.